पावणेपाचची मुंबई आणि रिफ्लेक्टिव्ह पट्टी

मुंबईत वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला होतो, सव्वासातच्या जवळपास. आणि मॅरेथॉन असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. अठरा आठवड्यांचं वेळापत्रक धरून मी सप्टेंबरच्या मध्यात सरावाला लागले तेव्हा साडेसहाच्या आत सूर्य वर येत होता. सराव लांबत गेला, तसा तोही पाऊण तास मागे सरकला. डबा, लोकल, ऑफिस सांभाळून आठवड्यातून तीनदा दहा-बारा किलोमीटर पळायचं, तर पावणेपाचला घराबाहेर पडण्याला पर्याय नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर कोणी पर्याय दिला तरी घेऊ नये. अंधार टळणार नव्हता, म्हणून आधी त्याचा हिशोब मांडला.

हा हिशोब सेकंदांचा आहे. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात, ओल्यावर पस्तीसच्या आसपास. आता दुसरी बाजू बघा. काळी टाइट्स आणि नेव्ही ब्लू टी-शर्ट घातलेला माणूस लो बीमच्या (हेडलाइटच्या खाली पडणाऱ्या झोताच्या) उजेडात जेमतेम २०-२५ मीटरवरून दिसतो. म्हणजे ब्रेकवर पाय पडतो तेव्हा गाडी त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते. पांढऱ्या कपड्यांनी हे अंतर साधारण दुप्पट होतं. चांगली रिफ्लेक्टिव्ह पट्टी दीडशे मीटरवरूनही चमकते, आणि दीडशे मीटर म्हणजे नऊ सेकंद. दिव्यांपासून रस्ता निवडण्यापर्यंत पुढचे सगळे निर्णय मी एकाच प्रश्नावर घेतले: समोरच्याला किती सेकंद मिळतात?

पट्टीबद्दल गैरसमज फार, त्यामुळे इथे जरा थांबते. निऑन पिवळा किंवा पोपटी रंग उठून दिसतो तो दिवसा, कारण तो उन्हातल्या अतिनील किरणांवर उजळतो. रात्री तो नुसता फिकट रंग. रिफ्लेक्टिव्ह पट्टीचं काम वेगळं आहे. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात आणि ते प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात, म्हणजे हेडलाइटमधून निघालेला थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे. (रस्त्यावरच्या झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्येही असेच मणी घालतात, म्हणून त्या रात्री चमकतात.) याचा उलटा अर्थही लक्षात ठेवावा: हेडलाइट तुमच्याकडे वळलेला नसेल, तर पट्टी मेलेली. गल्लीतून आडवी येणारी गाडी, दिवे न लावता सुटलेली बाइक, रिव्हर्स घेणारा कचऱ्याचा कॉम्पॅक्टर यांना ती दिसत नाही. तिथे स्वतःचा दिवाच लागतो.

पट्टी कुठे लावायची? बहुतेक जण छातीवर लावतात. मी आधी घोट्यांवर लावते, मग मनगटांवर, आणि छाती-पाठ शेवटी. लो बीमचा झोत खाली पडतो, त्यामुळे पाय आधी उजेडात येतात. शिवाय छातीवरची स्थिर पट्टी लांबून बॅरिकेडसारखी किंवा सायकलच्या रिफ्लेक्टरसारखी वाटू शकते. वरखाली होणारे दोन घोटे दिसले की माणूस पळतोय हे मेंदू झटकन ओळखतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी दोन इंच रुंदीची चंदेरी पट्टी घेतली, तिचे घोट्याच्या मापाचे तुकडे केले आणि वेल्क्रो शिवून घेतलं. बांधकामावरचं जॅकेट स्वस्त पडतं, पण इथल्या दमट हवेत तिसऱ्या किलोमीटरला अंगाला चिकटतं आणि फडफडतं. खांद्यावरून क्रॉस जाणारा इलॅस्टिकचा रिफ्लेक्टिव्ह पट्टा बरा. पाण्याची बॅग, रेनकोट किंवा मोकळे केस पाठीची पट्टी झाकतात, तेव्हा पट्टी सगळ्यात वरच्या थरावर हवी.

तपासायला एक सोपी युक्ती आहे. पूर्ण तयारी करून इमारतीच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये उभं राहायचं आणि वीस पावलांवरून कोणाला तरी फ्लॅश लावून फोटो काढायला सांगायचं. समोरून, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी. फ्लॅश आणि लेन्स अगदी शेजारी असल्यामुळे ड्रायव्हरला जे दिसेल त्याच्या जवळचं चित्र मिळतं. बहुतेकांच्या बाजूच्या फोटोत काहीच चमकत नाही, आणि चौकात गाडी येते ती नेमकी बाजूनेच.

दिवे दोन: पुढे पांढरा, मागे लाल, वाहनांचा नियम तोच आपला. मागे सायकलचा क्लिपवाला लाल दिवा कमरेच्या पट्ट्यावर. तो मी लुकलुकता ठेवत नाही. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरं, पण तो किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. पुढचा दिवा दादर, वरळी, मरीन ड्राइव्हसारख्या भागात १५० ते २०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) पुरतो. रस्त्यावरचे दिवे नसतील तिथे ३०० घ्या. तो कपाळावर न लावता कमरेवर लावावा असं माझं ठाम मत आहे. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेतून उजेड टाकतो, सावल्या पडत नाहीत आणि खड्डा सपाट दिसतो. कमरेवरून तिरका उजेड पडला की पेव्हर ब्लॉकच्या उचललेल्या कडेचीही सावली लांब पडते. पावसात फरक आणखी जाणवतो, कारण कपाळावरच्या दिव्याचा प्रकाश थेंबांवर आपटून डोळ्यांत येतो. दिवा किमान आयपीएक्स४ दर्जाचा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे झेलणारा हवा, आणि खोक्यावर लिहिलेले बॅटरीचे तास अर्धे धरून चालावं, कारण पूर्ण उजेड तेवढा वेळ टिकत नाही. मोबाइलचा टॉर्च हातात धरून पळू नये. हात हलतो तसा झोत हलतो, आणि पडताना तोच हात टेकवायचा असतो.

आता रस्ता. फुटपाथ धड असेल तर फुटपाथ. नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे डावीकडून पळणाऱ्याच्या पाठीत गाडी येते आणि त्याला काही करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये वरळी सी फेसवर पहाटे पळणाऱ्या एका महिलेचा भरधाव मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. त्या गाडीने तिला मागूनच उडवलं होतं. समोरून येणारी गाडी दिसत असेल, तर निदान फुटपाथवर उडी मारायचे दोन सेकंद तुमच्या हातात असतात.

पण या नियमात एक भोक आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा ड्रायव्हर फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. उजव्या कडेने पळणारे आपण त्याच्या डाव्या हाताकडून येतो, जिकडे तो मान वळवतच नाही. सोसायटीच्या गेटमधून निघणाऱ्या गाडीचंही तेच. म्हणून गल्लीच्या तोंडाशी मी वेग कमी करते, आणि ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलेलं मला दिसलं नाही तर गाडीच्या मागून जाते. पुढून नाही, तो थांबला असला तरी. दुसरा अपवाद उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणाचा: तिथे समोरच्याला आपण शेवटच्या क्षणी दिसतो, म्हणून वळणाआधीच पलीकडे जायचं.

रात्री बऱ्याच चौकांत सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो. म्हणजे थांबायचं कोणालाच बंधन नाही. तेव्हा हिरवा माणूस शोधू नका, रस्ता रिकामा दिसला तरच ओलांडा. बेस्टच्या इलेक्ट्रिक बस जवळपास आवाज न करता येतात, तेव्हा कानावर विसंबणारे फसतात. माझे इअरफोन अंधारात घरी राहतात. ज्यांना गाण्यांशिवाय पळवतच नाही त्यांनी निदान एक कान मोकळा ठेवावा.

वेळेचंही गणित आहे. आठवड्याच्या दिवसांत पहाटे टँकर, डंपर, दुधाचे आणि पेपरचे टेम्पो असतात; रात्रपाळी संपत आलेले ड्रायव्हर पेंगुळलेले. तरी ती वाहतूक अंदाज बांधता येण्यासारखी. खरा धोका रविवारी पहाटे चार ते साडेपाच, शनिवारची रात्र संपवून घरी निघालेल्या गाड्यांचा. आणि आपल्या सगळ्यांची लाँग रन कधी? रविवारीच. म्हणून रविवारचे पहिले सात-आठ किलोमीटर मी गाड्यांपासून लांब काढते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची, म्हणजे सहा फेऱ्या. उजेड आहे, चालणारी माणसं आहेत, चहावाला आहे. कंटाळा येतो, येऊ दे. झाडांच्या मुळांनी उचललेल्या लाद्या एकदा दिवसा बघून ठेवायच्या. उजाडल्यावर मग वरळी किंवा मरीन ड्राइव्ह. मरीन ड्राइव्हचा फुटपाथ भरपूर रुंद आहे, तिथे वेगासाठी खाली रस्त्यावर उतरण्याचं कारण नाही. सी लिंकवर एरवी पायी जायला बंदी आहे, ती संधी शर्यतीच्याच दिवशी मिळते.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि आरे यांचं गणित निराळं. बिबट्या पहाटे आणि तिन्हीसांजेलाच जास्त फिरतो. तिथे एकट्याने अंधारात जाऊ नये. गटाने, बोलत जावं, आणि लेस बांधायला रस्त्याकडेला एकट्याने खाली बसू नये. बसलेला माणूस त्याला लहान सावजासारखा भासतो. मी तिथे उजाडल्यावरच जाते.

कुत्र्यांचा अनुभव तर प्रत्येकाला असतो. पळणं थांबवा, चाला, डोळ्यांत डोळे घालू नका, पाठ न दाखवता बाजूला सरका. बहुतेक वेळा त्यांची हद्द पन्नास पावलांत संपते. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस दंडात घेतली तर पाच डोस, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत दिली तर चार, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. शेवटचा डोस बुडवणारे पुष्कळ.

पायाखालच्या गोष्टी. ओली झेब्रा पट्टी, मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा आणि समुद्राच्या तुषारांनी ओल्या झालेल्या लाद्या, या तिन्हींवर वळू नये आणि एकदम थांबू नये. पावलं छोटी करून सरळ पार व्हायचं. नव्या काँक्रीटच्या रस्त्याची कड आणि जुना पेव्हर यांच्यामध्ये कधी कधी चार बोटांची पायरी असते, घोटा मुरगळतो तो तिथे. पावसाळ्यात तळ न दिसणाऱ्या पाण्यात पाय घालायचा नाही, घोटाभर असलं तरी. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीजवळ एक नावाजलेले डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. पाणी साचलेलं असताना दिव्याच्या खांबाला, विजेच्या पेटीला हातही लावू नये. अशा पाण्यातून जावंच लागलं आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोच्या (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. साडेचार मीटरच्या वर भरती असेल त्या दिवशी समुद्रकाठचा कठडा सोडून द्यायचा; वेळा महापालिका आधीच जाहीर करते. उघडं मॅनहोल दिसलं तर महापालिकेच्या १९१६ ला फोन करायला दोन मिनिटं लागतात.

निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन घरच्या एकाला. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास एवढेच पर्याय आहेत. एक तासाचा पर्याय दहा किलोमीटरलाही अपुरा पडतो, म्हणून ८ तास लावून परतल्यावर बंद करते. फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि घरचा नंबर उघडा असू द्या. पोलीस, रुग्णवाहिका, सगळ्याला ११२. रोज एकाच वेळी एकच रस्ता धरू नका, आणि धाव नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपवर सुरुवातीचा-शेवटचा टप्पा लपवून ठेवा, नाहीतर तुमच्या घराचा पत्ता नकाशावर रोज उमटतो. बायकांनी तर हे पहिल्या दिवशीच करावं.

गट असेल तर अंधारात एकामागे एक. सगळ्यात पुढच्याने “खड्डा”, “गाडी” ओरडायचं, सगळ्यात मागच्याने लाल दिवा लावायचा. गप्पा मारत तिघं शेजारी-शेजारी पळाले की तिसरा हमखास गाड्यांच्या लेनमध्ये असतो. समोरून हाय बीम आला तर दिव्याकडे न बघता उजव्या कडेवर नजर ठेवा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक झगझगीत दिवा ते क्षणात घालवतो. अशा वेळी चार पावलं चाललं तर वेळ काही बिघडत नाही.

परत आल्यावर दिव्याचे चार्जिंगचे पिन ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायचे. घामातल्या मिठाने ते गंजतात, आणि दिवा बंद पडतो तो नेमका पुढच्या मंगळवारी. पट्ट्या साध्या पाण्यात, थोड्या साबणाने, हाताने धुवायच्या. ब्लीच नको, फॅब्रिक सॉफ्टनर तर मुळीच नको, त्याचा थर मण्यांवर बसतो. दर दोन महिन्यांनी पॅसेजमधला तो फ्लॅशचा फोटो पुन्हा काढायचा, आणि जी पट्टी पांढरी न दिसता राखाडी दिसेल ती उसवून नवी शिवायची.