मांडीचा घेर आणि बोपदेवचा उतार

मांडीचं हाड मोडून परतलेला सायकलपटू ख्रिस फ्रूम २०२१ च्या टूर द फ्रान्समध्ये १३३वा आला, तेव्हा रविवारच्या राइडनंतर मिसळ खाता खाता मी निकाल देऊन टाकला होता, "संपला हा. आता घरी बसावं त्याने." ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ काका पाव मोडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मांडीचं हाड मोडलंय का रे तुझं कधी?" नाही म्हटलं. "मग रस्सा घे."

दोन वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, माझं मोडलं.

पुण्याजवळचा बोपदेव घाट चढून परत कोंढव्याच्या बाजूला उतरत होतो. सकाळचे पावणेसात, पावसाळा नुकता संपलेला, रस्ता कोरडा. एका वळणावर डंपरमधून सांडलेली कच पसरली होती. ती दिसली म्हणून ब्रेक दाबला आणि तिथेच चुकलं. पुढचं चाक निसटलं, मी उजव्या अंगावर पडून कठड्यापर्यंत घसरत गेलो. हाड मोडल्याचा आवाज येतो म्हणतात, मला तो आला नाही. ऐकू आला तो डाव्या बुटाची क्लीट (तळव्याला बसवलेली, पेडलमध्ये अडकणारी खाच) पेडलमधून सुटल्याचा कट् असा आवाज. उजवी उशिरा सुटली, तोवर सायकलीबरोबर पायही पिरगळला होता. उठायला गेलो तर उजवा बूट भलतीकडेच तोंड करून पडलेला. मागून येणारा एक दूधवाला थांबला. आधी त्याने कॅन उतरवून माझ्या मागे रस्त्यात आडवे लावले, गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून, आणि मग म्हणाला, "दादा, पाय अजिबात हलवू नका. आमच्या भावाचं असंच झालं होतं."

हाड वरच्या तिसऱ्या भागात तिरकं मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी हाडाच्या पोकळीतून रॉड घातला, वर दोन स्क्रू, खाली दोन. शुद्धीवर आल्यावर सगळे सायकलवाले विचारतात तोच प्रश्न मी सर्जनना विचारला. ते म्हणाले, "सायकलचं नंतर बघू. आधी वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाऊन दाखवा."

पलंगावर पडल्या पडल्या फ्रूमचं सगळं प्रकरण मी पुन्हा वाचून काढलं. १२ जून २०१९, फ्रान्समधलं रोआन. दोफिने शर्यतीच्या टाइम ट्रायलचा रस्ता आधी पाहून घेत असताना नाक शिंकरायला त्याने एक हात हँडलवरून काढला, वाऱ्याचा झोत आला आणि तो भिंतीवर आदळला. उजवी मांडी, कोपर, बरगड्या. वय ३४. टूर चार वेळा जिंकलेला माणूस. आदल्याच वर्षी इटलीच्या मोठ्या शर्यतीत, जिरो द'इटालियात फिनेस्त्रेच्या घाटावरून ८० किलोमीटर एकटा पळून त्याने शर्यत उलटवली होती. ती संध्याकाळ मी ऑफिसातून खोटं सांगून लवकर निघून पाहिली होती. (तो घरी सावरत होता त्याच जुलैत त्याच्या नावावर आणखी एक मोठा विजय जमा झाला. २०११ च्या व्हुएल्टाचा, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीचा, विजेता उत्तेजकांच्या प्रकरणात बाद ठरला आणि दुसरा आलेला फ्रूम पहिला झाला. घरबसल्या.) फेब्रुवारी २०२० मध्ये तो यूएई टूरमध्ये परत रस्त्यावर होता.

'आठ महिन्यांत परतला' हे मी आधीही कितीदा वाचलं होतं. पण आता 'परतला' म्हणजे काय, हा प्रश्न पडला. पाठीवर नंबर लावून सुरुवातीच्या रेषेवर उभं राहणं वेगळं आणि शेवटच्या घाटात पुढच्या पाच जणांत असणं वेगळं. यातलं पहिलं सर्जनच्या हातात असतं. दुसरं नेमकं कुणाच्या हातात असतं, ते मला पुढचे अठरा महिने शोधायचं होतं, अर्थात माझ्या चिमुकल्या पातळीवर. मी काही व्यावसायिक नाही. कॉलेजात असताना रेसिंग केलेला, आता नोकरी करणारा, आठवड्याला दोनशे किलोमीटर मारणारा माणूस. पण हाडाला ते कुठे माहीत असतं!

फिजिओ मॅडम घरी येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आईकडे शिवणाची टेप मागितली. गुडघ्याच्या वाटीपासून वर दहा सेंटिमीटर मोजून बॉलपेनने खूण केली आणि तिथला मांडीचा घेर घेतला. डावी ५१, उजवी ५३. आई खूश झाली, "मोडलेलीच जाड आहे की." मॅडम म्हणाल्या, "सूज आहे काकू. उतरू दे, मग बघा." सहाव्या आठवड्यात उजवी ४५ भरली. टेप ओढून ओढून मोजली तरी ४५. आरशात पाहिलं तर एका माणसाला दोन वेगवेगळ्या माणसांचे पाय लावल्यासारखं दिसत होतं.

आणि एक्सरे मात्र उत्तम. हाडाने धरलंय, कॅलस, म्हणजे जोडावरचं नवं हाड, छान दिसतोय, हळूहळू वजन टाका. हाड जुळतंय आणि पाय वितळतोय, दोन्ही एकाच वेळी. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

सायकलवाल्याचं गळपट्टीचं हाड (कॉलरबोन) मोडलं की आपण हसून सोडून देतो, कारण प्लेट बसवून लोक काही दिवसांत ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल अडकवून जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, बसतात. खांद्याने पेडल मारायचं नसतं ना. मांडीचं आणि खुब्याचं तसं नाही. ज्या स्नायूंतून सगळी ताकद यायची तेच सुकतात, कुल्ह्याचे स्नायू ऑपरेशनच्या वाटेत येतात आणि मेंदू त्या पायाला वगळून चालायला शिकतो. मी वॉकरवरून कुबडीवर आणि कुबडीवरून काठीवर आलो, पण प्रत्येक पावलाला कंबर डावीकडे झुकायची. बायको मागून बघून म्हणायची, "बोटीत चाललायस का?"

जानेवारीत घरातला ट्रेनर काढला. पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो, माझा ९५ ला अडायचा. म्हणजे पेडल वर येऊ लागलं की गुडघ्यात कुलूप. मॅडमनी सांगितलं, फेरा पूर्ण करायचाच नाही, नुसतं पुढे-मागे डुलवायचं, लहान मूल झोपवल्यासारखं. दहा मिनिटं ते करायचो. मित्राने आपल्या जुन्या सायकलचा १६५ मिलिमीटरचा क्रँक (पेडलचा दांडा) आणून बसवला, माझा १७२.५ चा होता. साडेसात मिलिमीटरने काय होणार असं वाटलं, पण पेडल वरच्या टोकाला गेलं की गुडघा तेवढा कमी वाकवावा लागतो. सॅडलही बोटभर वर केली. एका बुधवारी संध्याकाळी असाच डुलवत असताना उजवं पेडल मागच्या दिशेने वर सरकलं, अडलं, आणि कुल्हा जरा उचलून मी जोर दिला तर पलीकडे गेलं. उलटा फेरा, पण पूर्ण. पुन्हा मारला. पुन्हा. चेनचा तो किर्र आवाज ऐकून आई पोळी लाटता लाटता बाहेर आली, हातात लाटणं तसंच. सुलटा फेरा जमायला आणखी नऊ दिवस लागले.

एप्रिलमध्ये मी ट्रेनरवर साठ वॉटने वीस मिनिटं कुथत होतो, तेव्हा स्पेनमध्ये बास्क प्रांतातल्या शर्यतीत टूर दोनदा जिंकलेला योनास विंगेगोर पडला. तारीख ४ एप्रिल २०२४. गळपट्टी, बरगड्या, फुप्फुस; बारा दिवस हॉस्पिटलात. त्याच अपघातात टूरचा आणखी एक दावेदार रेम्को एव्हनेपूलचीही गळपट्टी मोडली. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, पण मनात धरून चाललो होतो की यंदाची टूर दोघांचीही गेली. २९ जूनला दोघंही सुरुवातीला हजर. अकराव्या टप्प्यात ल लिओरानला विंगेगोरने त्याचा मोठा प्रतिस्पर्धी तादेय पोगाचारला शेवटच्या स्प्रिंटमध्ये हरवलं आणि नंतर कॅमेऱ्यासमोर त्याला रडू आलं. टूर संपली तेव्हा तो दुसरा, रेम्को तिसरा.

खरं सांगतो, मला आनंदाच्या आधी हेवा वाटला. तीन महिने! माझा नववा महिना चालू होता आणि मी जिन्याला कठडा धरून उतरत होतो. मग शांतपणे विचार केला. मांडी आणि खुबा त्या दोघांचेही शाबूत होते. पडून राहण्याचे दिवस थोडे, वय २७ आणि २४, आणि मागे अख्खा संघ: डॉक्टर, फिजिओ, स्वयंपाकी. त्यांचं इंजिन गॅरेजमध्ये होतं, पण उघडलेलं नव्हतं.

फ्रूमचं उघडलेलं होतं. तोही पुढे दोन पायांच्या ताकदीतल्या फरकाबद्दल बोलत राहिला, तसाच फरक मला माझ्या पॉवर मीटरवर, म्हणजे पेडलवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दिसला. माझा आकडा होता डावा ६१ टक्के, उजवा ३९. निम्म्या वेळा मला जाणवायचंही नाही. बरोबरीने मारतोय असंच वाटायचं आणि आकडा खोटं पाडायचा. उजवा पाय जवळपास एक सेंटिमीटर आखूडही झाला होता, क्लीटखाली पट्टी घालावी लागली. मग एका पायाने पेडल मारणं, एका पायावर स्टुलावर चढणं-उतरणं, आठवड्यातून तीनदा. कंटाळवाणं काम आहे, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. वर्षभरात डावा ५३, उजवा ४७ झालं.

तासभर टिकवता येणाऱ्या ताकदीचा माझा अपघाताआधीचा आकडा होता २४५ वॉट, आज २३० आहे. सहा टक्के गेले. रविवारच्या राइडला ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत, फार तर मिसळीला दोन मिनिटं उशिरा पोचतो. पण टूरच्या घाटात सहा टक्के म्हणजे पुढच्या घोळक्यातून थेट मागे, जिथे कॅमेरेही जात नाहीत. आणि तुम्ही जागेवर परत याल तोवर जागा हललेली असते. फ्रूम सावरत होता त्या वर्षांत पोगाचार आला, वेग वाढला. २०२२ मध्ये आल्प द्युएझला फ्रूम तिसरा आला, तो टप्पा मी अपघाताच्या आधी पाहिला होता आणि "तिसराच ना" म्हणून सोडून दिला होता. पलंगावरून पुन्हा पाहिला. ३७ वर्षांचा माणूस, पाय मोडून तीन वर्षं झालेली, आणि पुढे कोण तर जेमतेम बावीस-तेवीसचा टॉम पिडकॉक.

वयाचा मुद्दा काढला की काका हात झटकतात. त्यांचं स्पेनच्या वाल्व्हेर्देचं उदाहरण ठरलेलं: २०१७ च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी ड्युसेलडॉर्फला गुडघ्याची वाटी फुटली, पुढच्या वर्षी ३८ व्या वर्षी जगज्जेता. आणि नेदरलँड्सची आनेमिक फान व्ल्यूटन. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सोनं समोर दिसत असताना उतारावर पडली, मणक्याला तीन फ्रॅक्चर. पुढच्याच वर्षी टाइम ट्रायलची जगज्जेती, मग टोकियोत सुवर्ण. मी म्हणतो, काका, मांडी नव्हती. ते म्हणतात, मणका होता की!

फान व्ल्यूटनबद्दल मला मात्र वेगळंच कुतूहल आहे. ती पडली उतारावर. पुन्हा उतरली कशी?

कारण चढ मला आता जमतात, उतार जमत नाही. रेम्को ऑगस्ट २०२० मध्ये लोम्बार्दियाच्या शर्यतीत पुलाच्या कठड्यावरून खाली पडला होता, कमरेचं हाड (पेल्विस) मोडलेलं. पुढच्या मे महिन्यात जिरोला उतरला तेव्हा चढावर ठीक होता, उतारांवर मागे पडत होता. लोक टिंगल करत होते, त्यात मीही होतो. पुढच्या वर्षी त्याने व्हुएल्टा जिंकली. वीस वर्षांच्या पोराला तेवढा वेळ लागला. मी बोपदेव दोन बोटं ब्रेकवर ठेवून उतरतो, त्या वळणाच्या आधी खांदे आपोआप वर चढतात, आणि रस्ता झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ असला तरी मला कच दिसते. मागच्या महिन्यात कॅन लटकवलेला एक दूधवाला मला बाहेरून ओलांडून गेला. तोच होता की काय, कोण जाणे.

२०२५ च्या सप्टेंबरात मोबाइलवर व्हुएल्टा लावली होती. निदर्शनांमुळे सोळाव्या टप्प्याची शेवटची रेषा अलीकडे आणली होती आणि तिथे एगान बर्नाल पहिला आला. जानेवारी २०२२ मध्ये कोलंबियात सराव करताना तो थांबलेल्या बसवर मागून आदळला होता: मांडी, वाटी, मणके, बरगड्या, वीसेक हाडं. २०१९ ची टूर आणि २०२१ चा जिरो जिंकलेला पोरगा, तेव्हा नुकता २५ पूर्ण. सात महिन्यांत 'परतला' आणि युरोपात पुन्हा जिंकायला साडेतीन वर्षांहून जास्त लागली. टूर तो पुन्हा जिंकेल असं मला वाटत नाही. पण मिसळीवर कुणी विचारलं तर मी आता रस्सा घेतो.

मागच्या आठवड्यात बोपदेव चढायला १७ मिनिटं ५ सेकंद लागली. जुनी वेळ होती १६:१०. सर्जन म्हणाले, रॉड काढायचा असेल तर आता काढता येईल, मात्र सहा आठवडे सायकल बंद. २०२६ च्या जानेवारीत पुण्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत होती, ती रस्त्याकडेला उभं राहून पाहायची होती, तिथपर्यंत सायकलवरूनच जायचं होतं. तारीख फेब्रुवारीची मागितली.

आईने टेप परत मागितली. तिला ब्लाउजचं माप घ्यायचं होतं. दहाच्या आकड्यावर बॉलपेनच्या शाईचा निळा ठिपका पडला आहे, तो तिने नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही. द्यायच्या आधी मी एकदा मोजून घेतलं. डावी ५१, उजवी ४९.