हुतात्मा चौक पायी: आधी फ्लोरा, मग मशाल

रविवारी सकाळी साडेसातला चर्चगेटला उतरून चालत निघालो. हीच वेळ धरा. आठवड्याच्या इतर दिवशी नऊनंतर कचेऱ्यांची गर्दी सुरू होते आणि चौकात निवांत उभं राहणं जमत नाही.

स्टेशनच्या भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून वीर नरिमन रोडला लागा आणि समुद्राकडे पाठ करून सरळ चाला. रमतगमत दहा मिनिटं लागतात. मेट्रो ३ ने आलात तर हुतात्मा चौक नावाचंच स्टेशन आहे. टॅक्सीवाल्याला मात्र 'फाउंटन' सांगा, लगेच कळतं.

चौकातलं कारंजं, म्हणजेच फ्लोरा फाउंटन, १८६४ चं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पं जेम्स फोर्साइथ यांची. खर्चासाठी कर्सेटजी फर्दूनजी पारेख यांनी वीस हजार रुपये दिले होते. ते आधी राणीच्या बागेत बसवायचं ठरलं होतं. पण त्याच सुमारास कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, चर्च गेट हा दरवाजाही गेला आणि त्याच्या जागी हे कारंजं आलं. चर्चगेट स्टेशनच्या नावातला 'गेट' तो हाच!

आता जवळ जाऊन दगड बघा. हा इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड चुनखडक आहे, आपल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा बराच मऊ. त्यावर वर्षानुवर्षं ऑइलपेंटचे थर चढवले गेले. रंगाने दगडाचा श्वास कोंडतो, आतली ओल बाहेर पडत नाही आणि पृष्ठभाग झिजू लागतो. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात हे थर उतरवले, म्हणून आज शिंपल्यांच्या कडा आणि वस्त्रांच्या चुण्या स्पष्ट दिसतात. कृपा करून कठड्यावर चढू नका, कोरीवकामाला हात लावू नका.

फ्लोरा ही रोमन पुराणांतली फुलांची देवी. मूर्ती अगदी वर असल्याने पायथ्याशी उभं राहिलं की चेहरा दिसत नाही, फोटोतही नुसती हनुवटी येते. वीस-पंचवीस पावलं मागे या, झूम वापरा आणि चारही बाजूंनी एक फेरी मारा. फोटो काढता काढता रस्त्यावर मात्र उतरू नका. इथे पाच-सहा रस्ते मिळतात, वाहन कुठून येईल सांगता येत नाही. कारंज्याला पाणी असेलच असं धरून जाऊ नका. बंद दिसलं तरी शिल्पं बघण्यासारखी आहेतच.

बरेच जण इथूनच परत फिरतात आणि चौकाला ज्यांच्यामुळे नाव मिळालं त्यांनाच विसरतात. काही पावलांवर हुतात्मा स्मारक आहे: एक शेतकरी, एक कामगार आणि दोघांनी मिळून उंच धरलेली मशाल. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी इथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती या रक्तावर. त्यामुळे फ्लोराला जेवढा वेळ द्याल त्याहून थोडा जास्त इथे द्या, आणि मुलं बरोबर असतील तर दोन मूर्तींनी मिळून एकच मशाल का धरली आहे हे त्यांना सांगा. २१ नोव्हेंबर आणि १ मे या दिवशी मानवंदनेमुळे सकाळी बंदोबस्त असतो. निवांत बघायचं असेल तर ते दिवस टाळा. अभिवादनाला यायचं असेल तर अर्थातच त्याच दिवशी या.

२०१८ साली चौकात खोदकाम चालू असताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले होते. मुंबईची शेवटची ट्राम धावली १९६४ मध्ये, म्हणजे कारंज्याने तिचा सगळा काळ पाहिला.

पुढे त्याच रस्त्याने पाच मिनिटांवर १७१८ चं सेंट थॉमस चर्च आहे. 'चर्च गेट'मधलं चर्च ते हे. पलीकडे हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावली मिळते. जून ते सप्टेंबर छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत आटपा, चौकात झाडाचा आडोसा कमी आहे. रविवारी फोर्टातली बरीच हॉटेलं बंद असतात, तेव्हा नाश्ता चर्चगेटलाच करून निघा.

फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची असतील तर मात्र कामाच्या दिवशी दुपारनंतर या, आणि खरेदी परतताना करा. आधी घेतलीत तर ते ओझं खांद्यावर घेऊन सगळं फिरावं लागतं.