तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एक वाक्य बोलून दाखवा ना!’

प्राचीन इजिप्शियन शिकलोय म्हटलं की पुढची फर्माईश ठरलेली: एखादं वाक्य बोलून दाखवा. मी टाळतो आणि लोकांना वाटतं, भाव खातोय. तर एकदाचं सांगून टाकतो.

त्या चित्रलिपीत स्वर लिहीतच नाहीत. ‘तो ऐकतो’ लिहायचं तर बैलाचा कान, घुबड आणि शिंगवाला साप. एकटा कान स्-ज्-म् ही तिन्ही व्यंजनं देतो. घुबड म्हणजे म्, पण तो पुन्हा वाचायचा नाही, कानाची नुसती री ओढतो. साप म्हणजे फ्, म्हणजेच ‘तो’. क्रियापद आधी, कर्ता मागाहून. इथवर मजा आहे. पण अगदी असंच लिहिलेलं रूप ‘त्याने ऐकावं’ म्हणूनही येतं. फरक बहुधा स्वरांत होता, आणि ते तर गेले. इजिप्शियनचे अभ्यासक पोलोत्स्की यांनी १९४४ मध्ये कॉप्टिकच्या, म्हणजे याच भाषेच्या उत्तरकालीन रूपाच्या, आधाराने या रूपांची नवी मांडणी केली. तिच्यावरून अभ्यासकांची पुढे कित्येक वर्षं जुंपली.

पुण्यात एका ओळखीच्यांकडे हे सगळं रंगवून सांगत होतो. एक निवृत्त संस्कृत शिक्षिका शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे वेदमंत्रातल्या ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा एक स्वर चुकला तर इंद्राला मारणाराच इंद्राच्या हातून मरतो. तुमच्याकडे स्वरच नाहीत. मग तुम्ही भाषा शिकलात, की कोडी सोडवता?” सगळे हसले. मीही हसलो. बाई, तुमचा स्वर उदात्त-अनुदात्तातला, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराचा, माझा अ-इ-उ, एवढी दुरुस्ती मी तिथल्या तिथे केली. मुद्दा त्यांचाच राहिला. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही, हे कबूल.

अगदीच अंधार नाही हो. कॉप्टिक म्हणजे त्याच भाषेची शेवटची अवस्था, मुख्यतः ग्रीक अक्षरांत, स्वरांसकट लिहिलेली. तिथे ‘ऐकणं’ म्हणजे ‘सोतम्’. फॅरो तिसऱ्या आमेनहोतेपचं राजनाव आम्ही ‘नेबमात्रे’ वाचतो. इजिप्तमधल्या अमार्नाच्या मातीच्या पाट्यांवर, स्वर दाखवणाऱ्या कीलाक्षरांत, ते ‘निम्मुरेया’ आहे. पण अशा तुकड्यांवर वाक्य उभं राहत नाही.

विद्यार्थी असताना मी म्हणायचो, अर्थ कळतोय ना, मग उच्चार हवाय कशाला? आता तसं म्हणवत नाही, आणि बाईंचंही पुरतं पटत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचं पत्र वाचून हसू येतं, ते कोड्याने येत नाही.

तरी आग्रहच असेल तर म्हणा, ‘सेजेमेफ’. त्यातला प्रत्येक ‘ए’ आम्ही सोयीसाठी घातलेला आहे.