काचेच्या छताखालची तालीम

कॅनडाच्या संसदेची मुख्य इमारत, सेंटर ब्लॉक, दुरुस्तीसाठी दहा-एक वर्षं बंद करायची म्हटल्यावर खासदारांना बसवायचं कुठे, यावर बराच खल झाला. फेब्रुवारी 1916मध्ये आधीची इमारत जळाली, तेव्हा एवढा विचार करायला वेळच नव्हता. दुसऱ्याच दिवशी सभागृह ओटावातल्या व्हिक्टोरिया म्युझियममध्ये भरलं आणि 1920पर्यंत तिथेच भरत राहिलं. पण तेव्हा माईक नव्हते, टीव्हीचे कॅमेरे नव्हते आणि प्रत्येक टेबलावर इअरपीसही नव्हतं.

या खेपेला जागा निघाली ती शेजारच्याच वेस्ट ब्लॉकमध्ये. एकोणिसाव्या शतकातली दगडी इमारत, मधोमध मोकळा चौक. त्या चौकावर काचेचं छत घालून खाली हाऊस ऑफ कॉमन्स मांडायचं ठरलं. खडक फोडून त्याच्याही खाली समित्यांच्या खोल्या केल्या. जुन्या भिंतींवर भार नको म्हणून छत फांद्या फुटलेल्या झाडांसारख्या पोलादी खांबांवर पेललंय. खर्च 86 कोटी 30 लाख डॉलर. सेनेट, म्हणजे संसदेचं वरिष्ठ सभागृह, मात्र रिडो कालव्यापलीकडच्या 1912च्या जुन्या रेल्वे स्टेशनात गेली. त्यामुळे डिसेंबर 2019मध्ये सेनेटमध्ये होणारं गव्हर्नर जनरलचं अभिभाषण ऐकायला खासदार बसमधून गेले. पूर्वी हे अंतर एका व्हरांड्याएवढं होतं.

आर्किटेक्ट मंडळी ते छत बघून हरखून जायची. मी साउंडच्या टीममध्ये होतो. मला धडकी भरायची. जुन्या सभागृहाचं छत म्हणजे ताणून बसवलेलं, रंगवलेलं आयरिश लिनन. कापड आवाजाशी सबुरीने वागतं. इथे चहूबाजूंनी दगड आणि डोक्यावर काच. पुण्यात कॉलेजात असताना पत्र्याच्या शेडमधल्या नाटकांचा साउंड मी सांभाळलाय. पहिल्या रांगेतली शिंक शेवटच्या रांगेत दोनदा ऐकू यायची. त्यामुळे छताखालचे आवाज शोषणारे पॅनल बसवून झाले तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

नोव्हेंबर 2018मध्ये एका दुपारी तालीम ठेवली होती. खरे खासदार अजून सेंटर ब्लॉकमध्येच बसत होते, म्हणून त्यांच्या जागी कर्मचारी बसवले. जुनी भाषणं वाचायची, निम्मी इंग्रजीत, निम्मी फ्रेंचमध्ये. आमचा एक माणूस कन्सोलवर. स्पीकरने, म्हणजे सभापतींनी, नाव घेतलं की फक्त त्या सदस्याचा माईक उघडायचा, बाकी सगळे बंद. त्या माईकचा आवाज काचेपलीकडे बसलेल्या दुभाष्यांच्या कानात, आणि त्यांचा आवाज बाकीच्यांच्या इअरपीसमध्ये. दुभाष्या बोलताबोलता ऐकत असतो आणि ऐकताऐकता बोलत असतो; कानात पडणारा शब्द थोडा जरी गढूळ झाला तरी त्याची दमछाक होते.

तासभर सगळं सुरळीत चाललं. मुद्दाम आरडाओरडाही करवून घेतला, कारण मागच्या बाकांवरचे टोमणे स्पीकरला ऐकू यायलाच हवेत, पण रेकॉर्डिंगमध्ये घुसता कामा नयेत. तेही जमलं. मग तिसऱ्या रांगेतला एक तरुण फ्रेंच उतारा वाचायला उभा राहिला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच कर्णकर्कश शिट्टी वाजली.

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. छत! प्रकल्पाचे एक वरिष्ठ अधिकारी तर लगेच आणखी पॅनलच्या खर्चाबद्दल बोलायला लागले. दुभाष्यांच्या खोलीतून एक बाई कान दाबत बाहेर आल्या. वीस-बावीस वर्षं हेच काम केलेल्या. सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "वर काय बघताय? टेबलं बघा."

मी गेलो. त्या तरुणाने वाचताना अडचण नको म्हणून इअरपीस काढून माईकच्या दांडीला टेकवून ठेवलं होतं. आवाज पूर्ण मोठा आणि चॅनल ‘फ्लोअर’वर, म्हणजे त्याचाच आवाज त्या इवल्याशा स्पीकरमधून पुन्हा त्याच्याच माईकमध्ये. हातभर लांब नेलं, शिट्टी बंद. जवळ आणलं, पुन्हा सुरू. छताचा काडीचाही संबंध नव्हता.

बाईंनी कॉफीची रिकामी बशी टेबलाच्या कडेला पालथी घातली. "इअरपीस इथे. तोंड खाली. अशी खूण प्रत्येक टेबलावर करा." मला ते तत्काळ पटलं, आणि मी त्या संध्याकाळच्या टिपणात लिहिलंही. उत्तर आलं की सभागृहाच्या टेबलांवर काय चिकटवायचं हे ठरवणं आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही, आणि सन्माननीय सदस्यांना इअरपीस कुठे ठेवावं हे शिकवणं तर त्याहून नाही. नियमाप्रमाणे दोन्ही बरोबर. मग आम्ही आमच्या हातात होतं तेवढं केलं, म्हणजे सिस्टिममधल्या फिल्टरची सेटिंग्ज नव्याने लावली. त्याने शिट्टी लवकर दबते, पण तोवर जे व्हायचं ते दुभाष्याच्या कानात होऊन गेलेलं असतं.

28 जानेवारी 2019ला पहिली बैठक झाली. छत उत्तम वागलं. पेपरांत त्याचे फोटो आले, आवाजाचं कुणी नावही काढलं नाही. आमच्या धंद्यात तीच शाबासकी.

एप्रिल 2024मध्ये स्पीकर ग्रेग फर्गस यांनी संसदेच्या नव्या व्यवस्थेची माहिती दिली. दुभाष्यांच्या कानांना इजा होत होत्या, म्हणून जुनी राखाडी इअरपीस जाऊन काळी आली, आणि टेबलांवर गोल स्टिकर लागले: वापरात नसेल तेव्हा इअरपीस याच्यावर पालथं ठेवा. त्या बाई एव्हाना निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी मला बातमी पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, "व्यास बशीएवढा आहे का, बघून सांगा."

सेंटर ब्लॉकचं काम अजून चालू आहे. लिननच्या छताखाली परत जायला मिळणार याचा मला आनंदच आहे, पण तिथल्या टेबलांच्या नकाशात इअरपीसची जागा पहिल्या दिवसापासून आखलेली हवी, असं मी भेटेल त्या डिझाइनरला सांगत असतो. काहीजण लिहूनही घेतात.