तंबोऱ्याची गवसणी

सकाळी सहाच्या सुमारास मी तंबोरा छेडू लागले, की पहिल्या मजल्यावरचे काका जिना उतरून पाण्याच्या मोटरचे बटण पाहून जात असत. मोटर बंदच असे. तरीही बारीक गुणगुण कुठून येते आहे, हे न कळून ते टाकीपर्यंत एक चक्कर मारत आणि मग कपाळाला आठ्या घालून परत वर जात. आठवडाभराने त्यांनी मला विचारले आणि मी दार उघडून कोपऱ्यात उभा असलेला तंबोरा दाखवला, तेव्हा ते मोठ्या प्रामाणिकपणे म्हणाले, "असं होय! मला वाटलं, बेअरिंग गेलं."

तंबोऱ्याला मिळालेली याहून नेमकी दाद मी ऐकलेली नाही. आवडते संगीत कोणते, असे कोणी विचारले तर मला एखाद्या गायकाचे वा रागाचे नाव चटकन सांगता येत नाही, कारण मला तंबोरा आवडतो. तोही गाण्याच्या मागे धरलेला नव्हे, तर एकटा, कोणी गात नसताना वाजणारा. सांगलीत राहून असे बोलणे जरा विचित्रच आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे पहिले मराठी नाटक उभे केले, तेव्हापासून हे गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवून घेते आणि इथल्या श्रोत्याला पद हवे असते, त्यावर तान हवी असते आणि ती संपता संपता 'वन्स मोअर' द्यायचा असतो. तंबोऱ्याला कोणी वन्स मोअर देत नाही. तो सुरू होतो कधी आणि थांबतो कधी, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

माझ्याकडचा तंबोरा आत्याचा आहे. ती गायची, मी चार वर्षे शिकले आणि गाणे आपल्याला येणार नाही हे वेळेवर ओळखून थांबले, ही माझी संगीतसेवा. तंबोरा मात्र तिने मलाच दिला आणि त्यासोबत तिच्या जुन्या नऊवारीची अस्तर लावून शिवलेली गवसणीही दिली. आकाशाला गवसणी घालण्याच्या गोष्टी माणसे फार सहज बोलतात. पाच फुटी तंबोऱ्याला, त्याच्या खुंट्या कुठेही न अडकू देता, एकट्याने गवसणी घालून पाहिली तर आकाशाच्या गोष्टी जरा जपून बोलल्या जातील.

चारच तारा असतात: पहिली पंचमाची, मधली षड्जाची जोडी आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. या चारींत गंधाराची तार नाही, आणि तरीही तंबोरा बरोबर जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ही करामत जवारीची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो, तार त्या उताराला घासत थरथरते आणि एका स्वराच्या पोटातून अनेक स्वर बाहेर पडतात. तारेखाली सरकवलेला सुती दोरा केसभर पुढेमागे झाला तरी आवाज एकदम मिटतो किंवा उमलतो. मला तर त्या दोऱ्याची जागा शोधण्यातच अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास माझ्या दिवसातला सर्वांत चांगला असतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभागातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरातही पाणी शिरले. आम्ही कागदपत्रे, औषधे आणि दोन पिशव्या कपडे घेऊन बोटीत बसलो. तंबोरा घेऊन बोटीत बसण्याचा आग्रह धरणारी बाई वेडीच ठरली असती, म्हणून मी काही बोलले नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या मागेच राहणार होत्या, त्यांनी विचारण्याआधीच तो उचलला आणि लहान मूल खांद्यावर टाकावे तसा वर नेला. पुढे घर वाळून, रंग लागून राहण्याजोगे होईपर्यंत काही महिने गेले. तोवर तंबोरा त्यांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या रिकाम्या सिलिंडरशेजारी, भिंतीला टेकून उभा होता. ओल लागू नये म्हणून वहिनींनी त्याला दर चार दिवसांनी खोबरेल तेल चोळले: भोपळ्याला, दांडीला, खुंट्यांना, तारांना आणि घोडीलाही.

परत आला तेव्हा तो चकचकीत होता आणि पूर्ण मुका होता. तारा गंजलेल्या, जवारी बसलेली. त्याला मिरजेला नेणे भाग होते. मी गवसणी चढवून वडापच्या, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या, रिक्षापाशी गेले, तर चालकाने तंबोऱ्याकडे एकवार पाहून दोन सीटचे पैसे सांगितले आणि विश्रामबाग येईपर्यंत शेजारच्या आजींनी 'आत काय हाय?' म्हणून तीनदा विचारले. वाद्य आहे म्हटल्यावर त्यांनी आपली मेथीची पेंडी मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पहिल्यांदा जाणाऱ्याची थोडी निराशा होते, कारण तिथे संगीत ऐकू येत नाही. कानशीचा आवाज येतो, लाकूड तासल्याचा येतो, मध्येच एखादी तार एकदाच वाजते आणि थांबते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून ही कारागिरी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उभी राहिली. दुकानाच्या माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत टांगलेले असतात. त्या भोपळ्यांची भाजी होत नाही, ते वाद्यासाठीच वाढवतात. तुणीच्या लाकडाची दांडी, तबली, खुंट्या, हे सगळे एका माणसाच्या हातून होत नाही. एक जण भोपळा कापतो, दुसरा नक्षी करतो, आणि जवारी काढणारा हात घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचा असतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहेच, पण जवारी काढायला बसणारी नवी मुले किती, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

जवारी काढणाऱ्या चाचांनी गवसणी काढली, घोडीपाशी नाक नेले आणि ते हसू लागले.

"ताई, याचं डोकं कुणी चोळलं?"

मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी कापडाने तेल पुसले, जुन्या तारा उतरवल्या आणि घोडीच्या माथ्यावर बारीक कानस फिरवायला सुरुवात केली. चार वेळा कानस फिरवायची, फुंकर मारायची, तार चढवायची, एकदा छेडून डोळे मिटायचे, मान हलवून तार पुन्हा सैल करायची. हे दोन तास चालले. कानस किती चालवायची हे ते मोजत नव्हते, आणि किती काढायचे यापेक्षा कुठे थांबायचे याचीच त्यांना अधिक काळजी दिसत होती, कारण एक घासा जास्त झाला तर घोडी बदलावी लागते. "खुली हवी की गोल?" त्यांनी विचारले. खुल्या जवारीत झणझण जास्त, गोल जवारीत आवाज दाटलेला. आत्याला गोल आवडायची, तेच मी सांगितले.

परतताना मी दर्ग्यात जाऊन आले. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणे होते. याच उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, आणि चिंचेखाली गायला बसणारे कलावंत बिदागी न घेता हजेरी लावतात. खाँसाहेब १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असता वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर उतरले. तिथे फलाटावर त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितले, दरबारीत प्रार्थना गायली आणि प्राण सोडला, असे सांगतात. ती गोष्ट ऐकताना बाकीचे दरबारीशी थांबतात. मी मात्र रात्रीच्या त्या फलाटावर तंबोरा जुळवणाऱ्या शिष्याशी थांबते, ज्याला त्या वेळीही जोडी नीट लावावी लागली असेल.

याच खाँसाहेबांच्या मदतीने सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० साली त्यावर पुस्तक काढले. साताऱ्याला न्यायाधीश असलेले क्लेमंट्स साहेबही त्यात पडले. मामलेदारी आणि न्यायदान करणाऱ्या माणसांनी केसाएवढ्या अंतराच्या स्वरांसाठी भांडावे, हे मला या मुलखाला साजेसे वाटते.

भाच्याने मला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आणून दिली होती. ती उत्तम आहे, तिच्यात कोणतीही पट्टी चटकन लागते आणि ती कधी उतरत नाही. माझी तिच्याबद्दलची एकमेव तक्रार हीच आहे. पावसाळ्यात माझा तंबोरा दहा मिनिटांत उतरतो, म्हणून मला दहा मिनिटे कान देऊन बसावे लागते. पेटी लावली की मी भाजी चिरायला जाते.

दुरुस्त होऊन आलेला तंबोरा सोसायटीत पुन्हा वाजू लागला. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी आता मोटर तपासणे सोडले आहे. एकादशीच्या भजनाला तेच बाजाची पेटी धरतात आणि "ताई, तुमचा भोपळा आणा," म्हणून निरोप पाठवतात. पेटीच्या स्वराशी तंबोरा जुळवायचा म्हणजे तंबोऱ्याने पड खाणे आलेच, पण टाळ वाजू लागले की तसाही तो कोणाला ऐकू येत नाही. बायका अभंग जोरात म्हणतात, प्रसादाला भडंग असतो आणि नऊ वाजता पार्किंगमध्ये गाड्या यायच्या म्हणून सतरंजी गुंडाळावी लागते.

वहिनी भजनाला येतात, पण गात नाहीत. गाण्यातले आपल्याला काही कळत नाही, असे त्या पहिल्यापासून सांगत आल्या आहेत. त्या सकाळी येतात, मेथी किंवा गवार निवडायला घेऊन, आणि मी छेडत असताना दाराशी बसतात. तेलाचा विषय मी कधी काढला नाही आणि त्यांनी कधी विचारला नाही. परवा अशाच बसल्या असताना, गवारीच्या शिरा काढता काढता, मान वर न करता म्हणाल्या,

"ताई, मधली एक तार उतरलीया जनू."

मी हात थांबवला, जोडीतल्या तारा एकेक करून वाजवून पाहिल्या. तिसरी उतरली होती. अगदी थोडी, तारेत ओवलेला मणी एक भाताच्या दाण्याएवढा सरकवावा इतकीच. मी तो सरकवला. वहिनींनी दोन शेंगा मोडल्या, क्षणभर ऐकले आणि "हां," म्हणून पुढची मूठ ताटात ओढली.