आवडती खरी गन कोणती? तुम्ही विचारलंत म्हणून

गेली सात-आठ वर्षं एकच प्रश्न. रात्री सीएस (काउंटर-स्ट्राइक हा गेम) खेळताना लॉबीत, पुण्याला आलो की कट्ट्यावर, एकदा तर भाच्याच्या मुंजीत, पंगतीला बसल्यावर. 'तू टेक्सासात असतोस ना, रेंजला जातोस ना, मग खरी सगळ्यात भारी गन कुठली रे?' आणि मी 'पॉइंट टू टू, बोल्ट अ‍ॅक्शन' म्हटलं की पुढची दोन मिनिटं नुसता खिदळाट. 'छऱ्याची बंदूक? जत्रेत फुगे फोडतात ती?' मग कुणीतरी म्हणणार की हा भाव खातोय, खरं सांगत नाहीये. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढं सरकवणार.

तर पहिलं म्हणजे ती छऱ्याची नाही. पॉइंट टू टू म्हणजे ०.२२ इंच कॅलिबर, आणि बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट हातानं मागंपुढं ओढायचा. जत्रेतली हवेवर चालते. पॉइंट टू टूला दारू असते, गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि माणूस मरतो तिनं. दुसरं म्हणजे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं ते ह्याच कॅलिबरच्या रायफलनं, ५० मीटरवरून, जिथं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, तेव्हा कुणाला फुगे आठवले नाहीत.

पण हे झालं भांडण, उत्तर नाही. मला माहितीय तुम्हाला काय ऐकायचंय, तर ते आधी देऊन टाकतो.

एके चालवली. रोमानियन, सेमी-ऑटो म्हणजे ट्रिगर दाबला की एकच गोळी, एका मित्राच्या ओळखीच्याच्या रानात. पहिली गोष्ट म्हणजे ती ट्रॅक्टरसारखी आहे, सेफ्टीचा खटका खाली ओढला की खळ्ळ असा आवाज येतो, सगळं थोडं सैल सैल वाटतं आणि तरी चालते. धक्का वाटला होता त्यापेक्षा कमी, आवाज वाटला होता त्याच्या दसपट. आपण काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये २५०० डॉलरला घेऊन तीसच्या तीस गोळ्यांचा स्प्रे, म्हणजे सलग फैर, पाठ केला होता ना, माऊस खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे, तो इथं चुलीत घाला. हळूहळू मारूनसुद्धा १०० यार्डांवर माझ्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरल्या होत्या आणि मी खूश होतो.

पबजीवाल्यांसाठी कार नाइंटीएट, ती जुनी जर्मन रायफल. तीही चालवली. बटला लोखंडी पट्टी असते, खांदा चार दिवस निळा होता आणि बायकोला सांगितलं की जिममध्ये लागलं. गेममध्ये एक हेडशॉट आणि खेळ खल्लास, खऱ्यात दुसऱ्या गोळीच्या आधीच मी डोळा मिटून घेत होतो. गॅरंड या जुन्या अमेरिकन रायफलचा पिंग खरा आहे, आठ गोळ्या संपल्या की त्या धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप उडते आणि खरंच तसाच आवाज येतो, लहान मुलासारखा हसलो होतो.

एआर, म्हणजे ती एआर-१५ जातीची रायफल. हिच्याबद्दल मी बोलत नाही. २०१९ मध्ये विचारलं असतंत तर तासभर बोललो असतो. ६ मे २०२३ ला इथल्या डॅलसजवळच्या अ‍ॅलन गावच्या आउटलेट मॉलमध्ये एका माणसानं तसल्याच रायफलनं आठ जण मारले, त्यात हैदराबादची एक इंजिनिअर मुलगी होती, आणि तो मॉल आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे, दिवाळीच्या आधी आम्ही तिथं बूट घ्यायला जातो. अजूनही जातो. तुमच्यापैकी तिघांनी तेव्हा मेसेज करून 'सेफ आहेस ना' विचारलं आणि चौथ्यानं विचारलं की 'कुठली गन होती रे?' त्या चौथ्यावर मी चिडलो होतो, पण खरं सांगू का, बातमी वाचताना माझे डोळेही आधी त्याच शब्दाकडे गेले होते.

आता पॉइंट टू टू. ही मला पहिल्यांदा अमेरिकेत भेटली नाही. साताऱ्यात अकरावीला एनसीसीत होतो, कॅम्पमध्ये फायरिंग, आडवं पडून, २५ मीटर, माणशी पाच राउंड. हवालदारसाहेब मागून हिंदीत ओरडायचे, 'शिस्त लो!' मला तेव्हा वाटायचं सरळ झोप, हलू नकोस, असं काहीतरी म्हणतायत. शिस्त म्हणजे नेम हे दुसऱ्या कॅम्पला कळलं. आणि त्या कॅम्पमधलं सगळ्यात जास्त लक्षात काय असेल तर खोके. रिकाम्या काडतुसाला तिथं खोका म्हणतात (ते ५० वाले नव्हेत, हे पितळेचे). पाच राउंड दिले तर पाच खोके परत. एक कमी भरला तर अख्खी प्लॅटून गवतात ओणवी. एकदा एका खोक्यासाठी दोन वाजेपर्यंत जेवण थांबलं होतं आणि तो शेवटी एकाच्या पँटच्या घडीत सापडला. मी घरी येऊन म्हटलं होतं, कसली ही बंदूक, कसलं हे कारकुनी काम. त्याच आठवड्यात वीस रुपये तास देऊन सायबर कॅफेत बसलो आणि काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट टू मॅपवर जीव गेला.

गेममध्ये खोका उडतो आणि हवेत विरतो. १.६ मध्ये तर एकेचा बोल्टच डाव्या बाजूला होता, खोके डोळ्यांसमोरून उडायचे, खऱ्या एकेचा उजवीकडे असतो. इतकी वर्षं खेळलो आणि हे मला कधी खटकलं नाही. पितळ जातं कुठं, हा विचारच नाही. आणि किती गोळ्या उरल्या तो आकडा उजव्या कोपऱ्यात कायम लिहिलेला. तरी दोन झाडल्या की लगेच रीलोडचा आर दाबायचा, सवय.

इथपर्यंत मी बहुतेकांना सांगितलंय. पुढचं नाही.

२०१७ चा ऑक्टोबर. माझे मामा त्यांच्या मुलीकडे आले होते, प्लॅनोला. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर, २८ वर्षं नोकरी. मी म्हटलं, चला मामा, तुम्हाला अमेरिकन रेंज दाखवतो. खरं सांगायचं तर रेंज नाही, मी किती तयार झालोय ते दाखवायचं होतं. गंमत अशी की मामांना तिथं बंदुकीला हात लावायची परवानगी नव्हती. टुरिस्ट व्हिसा, आणि शिकारीचं लायसन्स नाही. एच-वनवाला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचाही तसा नियमात बसत नाही, पण शिकारीचं लायसन्स असलं की चालतं, म्हणून इथली निम्मी देशी पोरं शिकारीचं लायसन्स काढून बसलेली असतात. मी दर वर्षी काढतो, दर ३१ ऑगस्टला संपतं, आजवर एक ससा मारलेला नाही. तर २८ वर्षांचा सुभेदार लाल रेषेच्या मागं उभा आणि आमच्यासारखा शिकारी पुढं.

बंद हॉलमधली रेंज. कानात बोळे, वर मफ, तरी शेजारच्या लेनमध्ये कुणी एआर मारत होतं त्याचा ठोका छातीत बसत होता. मी ग्लॉक १९ ही पिस्तूल भाड्यानं घेतली, मॅगझीनमध्ये दहा राउंड भरले. अंगात गळा उघडा असलेला टी-शर्ट. बंद गळ्याचं घालून या असं काउंटरवर लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं.

पहिली गोळी ठीक. दुसरी ठीक. तिसरीचा खोका उजवीकडच्या पार्टिशनवर आपटला, उलटा आला आणि सरळ माझ्या गळ्यातून आत, हाडावर. ज्यांना अनुभव नाही त्यांना सांगतो, फोडणीचं तेल उडतं ना, तसं, फक्त ते उडून जात नाही, तिथंच बसून राहतं. मी ओरडलो, डाव्या हातानं टी-शर्ट ओढला आणि वळलो. नुसता वळलो नाही, पूर्ण वळलो. उजव्या हातात ग्लॉक, आणि ग्लॉकला बाहेरून लावायची सेफ्टी नसते.

मला त्यातलं तुकड्यातुकड्यानं आठवतं. लाल रेषा. मामांचा बदामी स्वेटर, पोटावर बटणं. माझ्या हातातल्या पिस्तुलाची नळी त्या बटणांच्या रेषेत. मागून रेंजवाल्याचा पंजा माझ्या मनगटावर, हात खाली दाबला, दुसऱ्या हातानं पिस्तूल काढून घेतलं. किती वेळ? एक सेकंद असेल, दोन. मामा जागचे हलले नाहीत. मागं सरकले नाहीत, हात वर केले नाहीत. ते माझ्या तोंडाकडेसुद्धा बघत नव्हते, माझ्या बोटाकडे बघत होते.

रेंजवाल्यानं टेबलावर मॅगझीन काढलं, चेंबर रिकामा केला, आणि अगदी शांतपणे सांगितलं की आज तुमचं झालं, सामान आवरा. ओरडला असता तर बरं झालं असतं. शेजारच्या लेनमधला म्हातारा मफ काढून बघत होता. मी पैसे भरले, सॉरी सॉरी म्हणत राहिलो, सही केली, कशावर केली आठवत नाही.

गाडीत दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग मामा म्हणाले, "किती राउंड शिल्लक व्हते?"

मी म्हटलं, "दोन-तीन असतील, मामा."

"सात व्हते. सा मॅगझिनात, एक आत."

बस. घरी काही बोलले नाहीत, माझ्या आईला आजतागायत माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना भेटायला गेलो तर चहाच्या कपाशेजारी त्यांनी तो खोका ठेवला. माझ्या टी-शर्टमधून खाली पडलेला, त्यांनी त्या गोंधळात उचलला होता. म्हणाले, "ह्यो तुझा." ९ एमएमचा खोका किती बारका असतो, करंगळीचं पेर. माझ्या गळ्याखालचा डाग आठवडाभरात गेला.

आता तुमच्यातला एक जण म्हणणार, बघ, म्हणजे गेममुळेच. नाही. हे मी कुणालाही कबूल करणार नाही. गेम नसता खेळलो तरी पितळ तेवढंच गरम असतं. चांगले अनुभवी लोकही खोका गळ्यात गेल्यावर नाचतात.

पण मग रात्री लॉबीत बसतो तेव्हा दिसतं की फ्रेंडली फायर बंद आहे, म्हणजे आपल्याच टीमला गोळी लागत नाही, आणि मी तुमच्याच पाठीवर नेमाचा क्रॉसहेअर ठेवून मॅपच्या लाँग रस्त्यानं चाललोय, गंमत म्हणून तुमच्या डोक्यात दोन गोळ्या घालतोय, तुम्ही पण घालताय. हे आपण हजार वेळा केलंय. जुना मी लगेच म्हणतो, अरे मला फरक कळतो, खरं काय खोटं काय. कळतो ना. मलाही कळत होता, त्या दिवशीही कळत होता.

हा जुना मी फार हुशार होता. २०१४ मध्ये अ‍ॅरिझोनात टुरिस्टांच्या एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात ऑटोमॅटिक ऊझी दिली, धक्क्यानं तिचा ताबा सुटला आणि शेजारी उभा शिकवणारा माणूस मेला. तेव्हा मी आपल्याच ग्रुपवर लिहिलं होतं की काय मूर्ख लोक आहेत. मूर्खपणा होताच तो. पण मी एकतीस वर्षांचा होतो, माझ्या हातात साधं पिस्तूल होतं, आणि मला कुणी ते जबरदस्तीनं दिलं नव्हतं.

त्यानंतर दीड वर्ष रेंजला गेलो नाही. मग गेलो. का गेलो ह्याचं बरं उत्तर माझ्याकडे नाही, बायकोनं विचारलं तेव्हाही नव्हतं. २०२० मध्ये ही पॉइंट टू टू घेतली, चेक बनावटीची बोल्ट अ‍ॅक्शन, सीझेड ४५७, पाच राउंडचं मॅगझीन. तिचा खोका आपण बोल्ट मागं ओढल्याशिवाय बाहेर येत नाही. गोळी सुटते, टक्क, कागदाला भोक पडतं आणि मग सगळं थांबतं, पुढचं काही व्हायचं असेल तर ते मी करायचं. मी हळू बोल्ट ओढतो, खोका तळहातावर घेतो, शेजारच्या डब्यात टाकतो. पाच झाले की पाच मोजतो. इथं असं कुणी करत नाही, इथं लोक पितळ पायानं बाजूला सारतात आणि रात्री कुणीतरी मोठ्या झाडूनं लोटतं.

तर हे माझं 'आवडती' गनचं उत्तर. ते आवड आहे की भीती, हे मला विचारू नका, मीच अजून भांडतोय. कधी वाटतं की पाच राउंडच्या आड लपून बसलोय. कधी वाटतं की अकरावीत हवालदारसाहेबांनी जे दिलं होतं ते वीस वर्षं उशिरा घेतोय, आणि लगेच वाटतं, हे जरा फारच गोड होतंय.

माझं बोट त्या वेळी ट्रिगरवर होतं का बाहेर? हे फक्त मामांना माहीत आहे. गावी असतात, गुडघे दुखतात, फोनवर पावसाचं बोलतो आम्ही. कुसाळेचं मेडल आलं त्या दिवशी त्यांचाच फोन आला, खूश होते, म्हणाले, "पॉइंट टू टूच की रं ती." त्या दिवशी विचारता आलं असतं. नाही विचारलं.

आणि मजा कशात जास्त, असं विचाराल तर खोटं कशाला बोलू, एकेत. गेल्या महिन्यात पुन्हा त्याच रानात गेलो होतो, तीस राउंड मारले, दात निघाले होते नुसते. मग खोके शोधायला लागलो. एके खोके पार लांब फेकते, गुडघाभर गवत, अंधार पडत आलेला, मित्र गाडी चालू करून बसला होता आणि हॉर्न वाजवत होता, येडा आहेस का म्हणून. अठ्ठावीस सापडले.