दोन वेण्या

रविवार, रात्री साडेअकरा

आज आईवर ओरडले, तेही लेकीसमोर. लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

आई आठ दिवस राहायला आली होती पुण्याला. सकाळी उठून बघते तर गॅलरीत माझ्या सहा वर्षांच्या लेकीला पुढ्यात बसवून, तेल लावून, दोन वेण्या घालणं चाललं होतं, आणि सोबत कुठल्यातरी सशाची गोष्ट जी संपतच नव्हती कारण लेक सारखी 'मग?' म्हणत होती आणि आई खरंच पुढचं सांगत होती. अर्धा तास तरी झाला असेल. मी चहा घेऊन दारात उभी होते आणि एकदम घशाशी काहीतरी आलं, म्हटलं, "माझे मात्र कापून टाकायचीस. दहावीपर्यंत बॉबकट. तेव्हा तुला नाही मिळाला अर्धा तास?"

लेक दचकली. आईचे हात थांबले नाहीत, तिने रिबिनीची गाठ मारली आणि म्हणाली, "जा, आरशात बघून ये." मला काहीच नाही बोलली.

खरं सांगायचं तर मला माझ्याच लेकीचा हेवा वाटला. हे कुणाला सांगायचं?

आई बँकेत होती, फोर्टला. डोंबिवलीहून आठ बावीसची फास्ट, संध्याकाळी यायला साडेसात, मार्च एंडला तर दहा-साडेदहा. नेमकी तेव्हाच माझी वार्षिक परीक्षा. एकदा सुट्टीत तिच्याबरोबर ट्रेनने गेले होते तर लेडीज डब्यात तिच्या ग्रुपच्या बायका मटार सोलत होत्या आणि आई त्यांच्यात बसून मोठ्ठ्याने हसत होती. घरी ती असं कधी हसलेली मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं हिची मजा सगळी इकडेच असते, आपल्या वाट्याला नुसती दमलेली येते.

मग 2000-01 मध्ये सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. तिच्या ब्रँचमधल्या दोन काकूंनी घेतली, आई बसत होती त्यात, वीस वर्षं झाली होती नोकरीला. मी नववीत होते, रोज देवाला सांगायचे की आईला घेऊ दे. तिने नाही घेतली. मी दोन दिवस जेवले नव्हते धड. बाबांची ठाण्याची कंपनी त्याआधीच बंद पडली होती आणि घराचं लोन तिच्या पगारातून जात होतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, तेसुद्धा मावशीकडून. आईने कधी सांगितलंच नाही. याचा जास्त राग येतो मला. सांगितलं असतंस तर मी इतकी वर्षं तुझ्यावर रुसून नसते ना राहिले!

आणि लग्नाच्या वेळी तर नोटबंदी. 8 नोव्हेंबर 2016 ला जाहीर झाली, डिसेंबरात माझं लग्न. पहिल्या शनिवार-रविवारीही बँका चालू होत्या. रुखवत मावशीने केलं, केळवणाला आई जेवणं उरकल्यावर आली, अठ्ठावन्न वर्षांची बाई, दिवसभर नोटा मोजून बोटं काळी झालेली. तेव्हाही मी तोंड फिरवलं होतं. ते आठवलं की आज लाज वाटते.

दुपारी ती मेथी निवडत बसली होती, मी शेजारी जाऊन बसले. सॉरी म्हणायला गेले होते पण तीच बोलायला लागली, मान वर न करता. म्हणे, "तुझे केस दाट. वेण्यांना वीस मिनिटं लागायची. आठ बावीस चुकली की लेटमार्क, तीन लेटमार्क झाले की एक सीएल, किरकोळ रजा, जायची. वर्षाला बाराच. आणि तुला दर पावसाळ्यात टॉन्सिलचा ताप. त्या सीएल मी तुझ्यासाठी धरून ठेवायचे."

एवढंच. परत मेथी.

हिशोब बरोबर आहे, मी तरी काय बोलणार त्यावर. आणि तापात ती असायची हेही खरंय, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, रात्रभर. पण मला तिच्याकडून एवढंच ऐकायचं होतं की केस कापताना तुलाही वाईट वाटलं होतं. पार्लरमध्ये मी रडत होते आणि ती घड्याळ बघत होती, ते डोक्यातून जात नाही. मला बाळंतपणाला 26 आठवडे रजा मिळाली, 2017 ला कायदा बदलला म्हणून. तिला तीनच महिने मिळाले होते. हे सगळं मला कळतं हो, तरी राग जात नाही. दोन्ही एकदम असतं आणि कुठलंच खोटं नसतं.

चार वाजता लेक आली, म्हणाली उद्या शाळेत पण अश्शाच दोन वेण्या. आईची तर संध्याकाळची इंद्रायणी. आणि मला वेणी घालताच येत नाही! कधी माझ्याच डोक्यावर नव्हती तर येणार कुठून. आईला सांगितलं तसं. ती बघतच राहिली माझ्याकडे, जरा वेळ. मग लेकीला बसवलं, माझ्या हातात कंगवा दिला आणि माझ्या बोटांवर तिची बोटं ठेवून शिकवलं, मधला पेड घट्ट धर, आता डावा वरून, ओढू नकोस गं तिला दुखेल. चार वेळा घातली, चार वेळा सोडली. तिच्या हातांना मेथीचा वास येत होता.

स्टेशनवर नेहमीसारखी चाळीस मिनिटं आधी पोचली. जाताना काही विशेष बोललो नाही.

सोमवार

साडेनऊचा कॉल होता त्यामुळे सहालाच उठले. घातल्या दोन वेण्या. डावी बसपर्यंत जायच्या आधीच सुटायला लागली पण लेक खूश होती. फोटो आईला पाठवला.

दुपारी रिप्लाय आला. 'पेड ढिला राहतोय. उद्या केस थोडे ओले करून घे. आणि तू पण आता वाढव.'